पुठ्ठ्याचे दार आणि पितळी बिजागऱ्या

तर दार काही उघडेना. बाहेर राजा उभा, त्याच्या मागे दोन भालाईत, आत म्हातारी चुलीवरचे रिकामे भांडे ढवळते आहे, आणि मध्ये दार. दार म्हणजे आपली नात. लाकडी चौकटीत पुठ्ठ्याची फळी, फळीला वर एक गोल भोक, भोकात तिचा चेहरा, फळीखाली तिचे पाय. राजाने "दार उघडा" म्हटले की तिने फळीसकट मागे सरायचे, एवढेच तिचे नाटकातले काम. ती सरली नाही. राजाने पुन्हा म्हटले. विंगेतून बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "उघड गं, उघड." पहिल्या रांगेत मुख्याध्यापिकांनी, सगळे ठरल्याप्रमाणेच चालले आहे अशा चेहऱ्याने, टाळ्या वाजवून पाहिल्या. दार तसेच.

व्याहीबुवा, सप्रेम नमस्कार. नमस्कार खाली उतरला म्हणून राग मानू नये. मी विमा कंपनीत जन्मभर दावे तपासले. तिथली एक सवय अशी की घटना आधी लिहून काढावी, कारण ती तासाभरात बदलते. नमस्कार बदलत नाही. तुमची प्रकृती कशी आहे? विहीणबाईंचे गुडघे काय म्हणतात? तुमच्या मागच्या पत्रात "सर्व ठीक. घड्याळ चालते" एवढाच मजकूर होता. (कोणते घड्याळ, आणि ते चालते हे मला का कळवले, यावर मी बराच विचार केला. तुम्ही उभा जन्म घड्याळे दुरुस्त केलीत. घड्याळ चालणे ही तुमच्या घरात बातमी असू नये.) इकडे सर्व ठीक, म्हणजे कोणाला ताप नाही.

आता मुळापासून सांगतो. आपली मुनी वर्गात बोलत नाही हे तुम्ही जाणता. तिला हे नाव त्यामुळेच पडले, आणि ते शाळेतून घरी आले. घरी ती इतके बोलते की मी कानातले यंत्र काढून ठेवतो, आणि मग ती यंत्राशी बोलते. शाळेच्या फाटकात शिरली की बंद. बाईंनी पहिल्या सत्रात वाट पाहिली, दुसऱ्या सत्रात तिच्या आईला बोलावून घेतले. म्हणाल्या, जिचे वाचन मी एकदाही ऐकलेले नाही तिला तिसरीत कशी पाठवू? राहू दे दुसरीतच आणखी एक वर्ष. वार्षिक समारंभापर्यंत बघते, मग निकालावर काय ते लिहीन. मुलगी घरी येऊन रडली. (माझी मुलगी. मुनी रडली नाही. आपण मागे राहिलो तर बाकीच्या आपल्याशिवाय वर जातील का, एवढे तिने विचारले, आणि उत्तर ऐकून गॅलरीत जाऊन बसली.) माझा पहिला संशय तुमच्या घराण्यावर गेला. स्पष्ट लिहितो. तुमचे चिरंजीव आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा दुपारभरात "चालेल" हा एकच शब्द बोलले, आणि तोही चहा हवा की कॉफी या प्रश्नाला उत्तर म्हणून. आम्ही चहा दिला. कॉफी दिली असती तरी चालले असते की काय, हे आजतागायत कळलेले नाही.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा पाण्याच्या बाटलीत सापडला. शाळा सुटली की आईवडील कामावरून येईपर्यंत मुनी माझ्याकडे असते. तिचे दप्तर मी उतरवतो. रोज बाटली जड, आणि उघडून पाहावी तर गळ्यापर्यंत पाणी. मला वाटले, शाळेत कोणीतरी ती भरून देते आहे. का देते? फुकट कोणी कोणाचे काही भरून देत नाही. मी बाटलीवर बाहेरून पेन्सिलीने बारीक रेघ ओढली. संध्याकाळी पाणी रेघेवरच. वास घेतला. पिऊन पाहिले, दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहिली, मला काही झाले नाही. झाकण तिला उघडत नसेल म्हणून झाकण सैल केले, तर वह्या भिजल्या आणि मुलगी माझ्याशी दिवसभर बोलली नाही. (तेव्हा मौन आमच्याही घराण्यात आहे, असे तुम्ही म्हणू शकता. तुम्ही म्हणण्याआधी मीच नोंदवून ठेवतो.)

शेवटी तिचा डबा घरी राहिला असे सांगून शाळेत गेलो. (डबा मीच काढून ठेवला होता. तपासात हे चालते.) वर्गाबाहेर हात धुण्याचे नळ आहेत, त्यांच्या आडोशाला उभा राहिलो. या बाईंची एक शिस्त आहे. वर्गाचे दार बंद असते. बाहेरून येणाऱ्याने टकटक करायची, मोठ्याने पूर्ण नाव सांगायचे, काय काम ते सांगायचे, मग अख्ख्या वर्गाने एका सुरात "ये" म्हणायचे, आणि मगच आत. मुलांनी पूर्ण वाक्यात बोलावे म्हणून ही योजना. वाईट नाही. माझ्यासमोर एकाने नाव सांगितले आणि म्हणाला, मी नाक शिंकरून आलो. ये. एक मुलगी म्हणाली, मी उगीचच गेले होते. ये. खरे बोलले की दार उघडते, असा त्या वर्गाचा कायदा. मी बराच वेळ उभा होतो. मुनी एकदाही बाहेर आली नाही. आणि नळाचे पाणी गळताना पाहता पाहता माझ्या लक्षात आले. बाहेर गेले की परत यावे लागते. परत येताना बोलावे लागते. म्हणून बाहेर जायचे नाही, म्हणून शू लागता कामा नये, म्हणून पाणी प्यायचे नाही. एवढ्याशा मुलीने हा सगळा हिशेब मनातल्या मनात मांडला होता, आणि तिच्या प्रगतिपुस्तकात गणितापुढे "सुधारणेस वाव" असा शेरा होता.

मी हे कोणाला सांगितले नाही. पुरावा वेळेआधी दाखवला की समोरचा तयारीला लागतो. ती घरी आली की आधी पाण्याचे दोन पेले समोर ठेवायला लागलो, एवढेच.

मग समारंभाचे वारे वाहू लागले. गोष्ट अशी की वाट चुकलेला राजा झोपडीशी येतो, म्हातारी त्याला जेवू घालते आणि राजा नम्र होतो. (माझ्या पाहण्यात जेवून कोणी नम्र झालेले नाही.) राजाची भूमिका दंतवैद्याच्या मुलाला मिळाली. मागच्या महिन्यात बाईंचा डावा गाल सुजलेला होता. या महिन्यात नाही. मी फक्त नमूद करतो. मुनीला मिळाले दार. झाडे भरपूर होती, आणि झाडाला निदान डुलता येते. सशांना उड्या होत्या. दार मात्र एकच, आणि ते हिच्या वाट्याला. माझ्यासारख्याला उलगडा व्हायला वेळ लागला नाही. दार बोलत नाही. सगळ्या पालकांसमोर दाखवून द्यायचे की ही मुलगी बोलत नाही, आणि दुसऱ्या दिवशी निकालावर तसे लिहायचे, म्हणजे कोणाला शंका नको. असले अहवाल मी स्वतः लिहिलेले आहेत.

तालीम माझ्या घरी होई. मी राजा. मी "दार उघडा" म्हणायचे, तिने स्वयंपाकघराचे दार उघडायचे. पहिल्यांदा उघडले. दुसऱ्यांदा उघडले. मग तिने विचारले, "आजोबा, तुम्ही असं कुणालाही उघडता का?" मी उघडत नाही. तुम्हाला अनुभव आहे. (मागच्या खेपेला तुम्हाला जिन्यात अंमळ जास्त उभे राहावे लागले. पण "मी आलोय" याला नाव म्हणत नाहीत. जो येतो तो आलेलाच असतो.) आमच्या दारावर कोणीही आले तरी मी आतून विचारतो, कोण, आणि काय काम. दूधवाल्याला विचारतो, मुलीला विचारतो. मुनी हे पाळण्यात असल्यापासून ऐकत आली आहे. मी तिला म्हणालो की नाटकातले दार वेगळे. ती म्हणाली, "कसं वेगळं?" मी तिला पाणी प्यायला सांगितले.

आता आजच्या घटनेकडे येतो. राजाचे "दार उघडा" तीनदा वाया गेले. मग त्याने चंदेरी कागद गुंडाळलेली तलवार उपसली आणि मुठीने फळीवर ठोकले. टकटक झाली. आणि दार बोलले.

"कोण?"

व्याहीबुवा, तो आवाज मी रोज ऐकतो, तरी मी मागे वळून पाहिले. विंगेत बाईंच्या हातातले नाटकाचे कागद खाली पडले ते मला दिसले.

"राजा!" राजा म्हणाला.

"ते काम झालं. नाव सांग."

"अगं मीच ना! तुझ्या पुढच्या बाकावर बसतो!"

"पूर्ण नाव."

राजाने पूर्ण नाव सांगितले, वडिलांच्या नावासकट, आणि सवयीने पुढे "इयत्ता दुसरी" असेही जोडले. दंतवैद्य आमच्या पुढच्याच रांगेत बसले होते. त्यांची मान लाल झालेली मी पाहिली.

"काय काम आहे?"

"मी ना, जंगलात वाट चुकलोय."

"खोटं. तिकडून सरळ चालत आलास. मी बघितलं."

यावर एक भालाईत म्हणाला, "हो रे, सरळच आलो की आपण." आतून म्हातारी ओरडली, "घे ना गं त्याला, माझं जेवण निवतंय!" दार मागे न वळता म्हणाले, "म्हातारे, तू थांब." लोक हसू लागले. आमची मुलगी हसली नाही. तिने जावयांचा दंड घट्ट धरला आणि म्हणाली, "अहो, आता काय होणार हिचं?" तुमचे चिरंजीव म्हणाले, "चालेल." मला त्या क्षणी त्यांना काहीतरी बोलावेसे वाटले. पण तेवढ्यात मंचावर राजाचा चेहरा बदलला. तो चेहरा मी ओळखतो. खोटा दावा मागे घेणाऱ्याचा तो चेहरा. त्याने मुकुट काढून काखेत घेतला, भोकाजवळ तोंड नेले आणि हळूच, पण नेमके वर टांगलेल्या माइकच्या खाली, म्हणाला, "मला खूप जोरात शू लागलीये."

दार ताबडतोब उघडले. "ये," ती म्हणाली. आणि विंगेतून सगळी झाडे, सगळे ससे आणि मंचावरचे दोन्ही भालाईत, वर्षभराच्या सवयीने, एका सुरात म्हणाले, "ये!" राजा झोपडीतून, म्हातारीला ओलांडून, मागच्या बाजूने पळत गेला. म्हातारीने मग भालाइतांनाच जेवू घातले. पडदा पडला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. (टाळ्यांवर माझा विश्वास नाही. पुष्कळदा त्या संपल्याच्या आनंदाच्या असतात.)

मी तडक पडद्यामागे गेलो. बाई मुलांच्या एका बुटक्या खुर्चीवर, चपला काढून, डोळे पुसत बसल्या होत्या. रडत होत्या की हसत होत्या हे मला ठरवता आले नाही. मी सरळ विचारले, हिला दार कोणी दिले?

"मी नाही दिलं हो," त्या म्हणाल्या. "मी विचारलं, कुणाला काय व्हायचंय? हिने दाराकडे बोट केलं. मला वाटलं बाहेर जायचंय, म्हणून पाठवलं. घंटा होईस्तोवर आलीच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी कुठे डोक्यात शिरलं, की हिला दार व्हायचंय."

तेव्हा मी बाटली सांगितली. घंटा होईपर्यंत ती का आली नाही तेही सांगितले. पुरावा दाखवायची वेळ तीच होती. बाईंचा हात डोळ्यांवरच राहिला. मग म्हणाल्या, "वर्षभर मी तिला 'बोल' म्हणत होते, आजोबा. आज विंगेतून पहिल्यांदा 'आता पुरे' म्हणावं लागलं." मी म्हणालो, म्हणजे तिसरीचे काय? त्या चपला घालत म्हणाल्या, "उद्या निकाल आहे. उद्या या." व्याहीबुवा, "उद्या या" हे शब्द मी आयुष्यात पुष्कळ लोकांना ऐकवले आहेत. ज्यांचा दावा मंजूर करायचा नसे, त्यांनाच ऐकवले आहेत.

आता तुमच्याविषयी. जळालेल्या दुकानात काय जळाले हे मी कधीच पाहिले नाही, काय वाचले ते पाहिले. (एका कापडवाल्याचे सगळे दुकान खाक झाले होते, विम्याचे कागद तेवढे शाबूत, तेही घडी घालून, शेजाऱ्याच्या कपाटात.) त्याच सवयीने, पडदा पडल्यावर सगळे मुनीला उचलून घेत होते तेव्हा मी दार पाहिले. इतके ढकलाढकलीत गेले, पण फळी कुठे लोंबली नाही, कुरकुरली नाही. खाली वाकलो. पितळी बिजागऱ्या. पुठ्ठ्याच्या दाराला पितळी बिजागऱ्या कोणी लावत नाही. त्यातून या लहान, भिंतीवरच्या घड्याळाच्या पेटीला असतात तशा, तेल दिलेल्या, आणि प्रत्येक स्क्रूची खाच अगदी उभ्या रेषेत. स्क्रू पिळून झाल्यावर त्यांच्या खाचा एका रेषेत आणणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे, आणि तो माझा व्याही आहे. मग मला ते लांबट पार्सल आठवले. तुमच्याकडून आले होते. मुलगी न उघडताच म्हणाली होती, पडद्याचा दांडा असेल. तिच्या घरी नवा पडदा मी अजून पाहिलेला नाही.

मी मुनीला विचारले, ही चौकट कोणी दिली? ती म्हणाली, "नाव सांगायचं नाही असं ठरलंय." ठरलंय म्हणजे बोलणे झाले. फोनवर झाले असणार. म्हणजे तिला दार व्हायचे आहे हे तिने तुम्हाला सांगितले, आणि तुम्ही तिच्याशी बोललात. तुम्ही! मला ती म्हणाली होती की बाईंनी दार दिले. एवढ्या दिवसांच्या तपासात मला सुगावा लागला नाही याचा अर्थ एकच. या कटातले दोघेही तोंड न उघडणारे होते, आणि तुम्हा दोघांचे मौन एकाच जातीचे आहे. माझा पहिला संशय बरोबर होता, एवढे नोंदवतो आणि पत्र संपवतो. विहीणबाईंना नमस्कार सांगावा. गुडघ्यांना ऊब द्यावी.

आपला,
मुनीच्या आईचे वडील
(पूर्ण नाव पाकिटावर आहे)

ता. क. दार शाळेने ठेवून घेतले नाही. ते मुनीने माझ्याकडे आणून, माझी खुर्ची आणि स्वयंपाकघर यांच्या मधोमध उभे केले आहे. पाणी प्यायला जायचे तर मला पूर्ण नाव आणि काम सांगावे लागते. मघाशी "सहज" म्हणालो तर परत पाठवले. मी दार पाहून झाल्यावर राजा परत येताना घाईत उलट्या बाजूने घुसला, त्यात वरची बिजागरी निसटली आहे. तशीच एक जोडी पाठवावी, स्क्रूंसह. मी बसवीन म्हटले तर ती म्हणते, "तुम्हाला रेघेत नाही जमणार. आजोबांना बोलवा." आजोबा म्हणजे तुम्ही. तेव्हा पाठवू नये. सुट्टीत उभयतांनी घेऊन यावे. जिन्यात "मी आलोय" म्हणू नये.

ता. क. पत्र काल पेटीत टाकायचे राहिले, म्हणून आज सकाळचे लिहितो. निकालाला मी नळांच्या आडोशाला उभा होतो. बाईंनी वर्गाचे दार सताड उघडे ठेवले होते. मुनी बाहेर गेली, परत आली, आणि उघड्या दारावर टकटक केली. पूर्ण नाव सांगितले. म्हणाली, "शूला जाऊन आले." वर्ग म्हणाला, ये. तिला तिसरीत घातले आहे. घरी येताच मी दप्तर उतरवले. बाटली रिकामी होती. नळाखाली धरून भरली आणि उलटी करून बराच वेळ पाहिली. गळत नाही.